शेगडीकडे नंतर बघा, आधी बर्फाचा खोका

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या फाटकाजवळ मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बार्बेक्यूची गाडी लागते. तीनचाकी टेम्पोच्या मागे कोळशाची शेगडी, शिगांवर चिकन टिक्का, तंगडी, सीख कबाब आणि पनीर. बाकीचे दिवस गाडी शहरात दुसरीकडे कुठेतरी असते. मुलगी अठराची, मुलगा अकराचा. दोघांनी डोकं खाल्लंय. हे म्हणतात, आगीवर भाजलेलं असतं, जंतू राहतील कुठे? सासूबाई शाकाहारी आहेत, पण पनीर टिक्का चालेल म्हणतात. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि धाकट्या जावेला सातवा महिना. खावं का? खावं तर काय मागवावं आणि काय बघून घ्यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खा. मात्र घरातल्या सगळ्यांनी नको, गाडीवरचं सगळं नको, आणि पहिल्या वेळी पार्सल तर मुळीच नको. जावेला आणि सासऱ्यांना सध्या यातून वगळा, त्यांचं पुढे बोलू.

तुमच्या यजमानांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. कोंबडीतले नेहमीचे त्रासदायक जंतू म्हणजे साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर. तुकड्याच्या अगदी मध्यभागी ७४ अंश सेल्सियस तापमान पोचलं की ते मरतात, आणि नीट पेटलेल्या कोळशाला तेवढं जमवणं अवघड नाही. उरलेलं निम्मं आगीच्या आधी आणि नंतर घडतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू धडधाकट माणसाच्याही नाकात, कातडीवर, बोटाच्या चिरेत असतो. शिजलेल्या चिकनला हात लागला की तो त्यावर उतरतो, कोमट अन्नात काही तासांत वाढतो आणि विष सोडतो. पुन्हा निखाऱ्यावर धरलं की जंतू मरतो, विष तसंच राहतं. ते उकळूनही जात नाही. म्हणजे दुपारी घरी अर्धी भाजलेली, टोपात झाकून टेम्पोत ठेवलेली तंगडी रात्री आठला चर्र आवाज करत तुमच्या हातात आली, तरी तिच्यात व्हायचं ते बिघडून झालेलं असू शकतं. वास नाही, चव नाही, काही कळत नाही.

मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्द भागात रस्त्यावरचा चिकन शोरमा खाल्ल्यानंतर एका १९ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. शोरम्यात मांसाचा उभा गोळा तासन्‌तास फिरत असतो, बाहेरून भाजला जातो आणि आतून नुसता कोमट राहतो. शिगेवरचा टिक्का त्या मानाने बराच सुरक्षित, कारण तुकडा लहान असतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर एकदाच भाजून लगेच खाल्ला जातो. हा फायदा कच्चा तुकडा गार डब्यातून निघून थेट आगीवर गेला तरच मिळतो. फिरत्या गाडीला नळ नाही, फ्रीज नाही, विजेचं कनेक्शन नाही. सगळी मदार एका बर्फाच्या खोक्यावर आणि त्या माणसाच्या सवयींवर.

म्हणून पहिल्या दिवशी पोट भरलेलं असताना जा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. भुकेलेला माणूस खोक्याकडे बघत नाही.

खोका थर्माकोलचा असो की जाड प्लॅस्टिकचा, त्यात बर्फाचे धड खडे दिसायला हवेत. नुसतं गार पाणी म्हणजे बर्फ संपून वेळ झालेला आहे. मसाला लावलेलं चिकन झाकणाच्या डब्यात हवं. पातळ पिशवीत बांधून वितळलेल्या पाण्यात तरंगत असेल तर परत फिरा. डबा बाहेर काढल्यावर त्याच्या अंगावर दव धरतं का बघा. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ते जरा कमी दिसेल, पण गार डबा गार वाटतोच. आता त्याची सवय बघा. एका गिऱ्हाइकापुरते तुकडे काढून डबा परत आत जातो, की सोयीसाठी भरलेल्या पंधरावीस शिगा शेगडीशेजारी परातीत मांडून ठेवलेल्या असतात? कच्चं असो की शिजलेलं, ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेच्या संध्याकाळी शेगडीच्या धगीजवळ ठेवलेली परात या हिशेबात कुठेच बसत नाही.

मसाल्याने मांस सुरक्षित होतं हा समज मात्र सोडून द्या. दही, लिंबू, लसूण, तिखट यांनी चव येते, मांस मऊ होतं, जंतू मरत नाहीत. कच्च्या पपईचा गर जास्त पडला तर टिक्का पिठूळ लागतो. शिळं मांसही तसंच लिबलिबीत लागतं, त्यामुळे दाताखाली तंतू न लागणारा टिक्का कोणत्याही कारणाने तसा झाला असो, पुढचा तुकडा तोंडात घालू नका.

आता हात. पैसे घेणारा आणि शिगा फिरवणारा वेगळा असेल तर उत्तम. एकटाच माणूस असेल तर क्यूआर कोडचा इथे खरा उपयोग होतो, नोटेला हातच लागत नाही. हातमोज्यांवर भाळू नका. त्याच मोज्यांनी कच्चं चिकन ओवून, गाडीचं झाकण उघडून, मग कांदा पसरणारे खूप दिसतात. त्यापेक्षा तोटीच्या जारमधून पाणी घेऊन साबणाने हात धुणारा उघड्या हाताचा माणूस बरा.

आणि ब्रश! या धंद्यात सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू हीच. तेल-बटरच्या वाटीत बुडवलेला ब्रश कच्च्या शिगेवरून फिरतो, परत वाटीत जातो आणि मग तयार टिक्क्यावर चमक आणायला शेवटचा हात मारतो. भाजून सुरक्षित झालेल्या तुकड्यावर कच्च्या चिकनचं पाणी लावण्याचाच हा प्रकार. उपाय सोपा आहे आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही. ऑर्डर देतानाच सांगा, ‘दादा, काढताना वरून तेल-बटर नको, कोरडंच द्या.’ भाजताना मधे लावलं तर चालेल, पुढे ते आगीतून जातं. लिंबू अख्खं मागून घ्या किंवा घरून न्या आणि स्वतः पिळा.

कोळसा लाकडाचा हवा आणि वरून पांढरट राख धरलेला. ज्वाळा उठत असतील तर तुकडा बाहेरून काळा होतो आणि आत कच्चा राहतो. रॉकेलचा वास येत असेल, किंवा खाली रंगवलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे जळताना दिसले तर तिथे खाऊ नका. त्या गोंदाचा आणि रंगाचा धूर मांसावरच बसतो. चरबी ठिबकून अधूनमधून भडका उडणारच. काळ्या झालेल्या कडा तोडून टाका, त्यात चवही नसते.

मागवायचं काय? मांडीच्या मांसाचा बोनलेस टिक्का. छातीचं मांस आगीवर चटकन कोरडं पडतं, म्हणून बरेच जण ते आतून जरा कमीच भाजतात. मांडीला तशी घाई करावी लागत नाही. साडेतीन-चार सेंटिमीटरचा तुकडा चांगल्या निखाऱ्यावर दहा-बारा मिनिटं घेतो. तंगडीला, दोन-तीन खोल चिरा दिलेल्या असल्या तरी, पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. त्यामुळे तंगडी आठ मिनिटांत हातात आली तर ती आधी भाजून आणलेली आहे हे नक्की. आधी भाजणं हा गुन्हा नाही, हॉटेलांतही करतात. फक्त तो माल भाजल्याबरोबर गार करून बर्फातच ठेवलेला हवा. सरळ विचारा, ‘हे कच्चं लावता की आधी भाजलेलं?’ बहुतेक गाडीवाले खरं सांगतात, यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नसतं. आधी भाजलेलं म्हणाला, तर ते कुठून बाहेर काढतो तेवढं बघा.

सीख कबाब पहिल्या भेटीत नको. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि तिथेच आग लागते. खिम्यात वरचं सगळं आत मिसळलेलं असतं. शिवाय तो खिमा कधी केला, कोणत्या यंत्रातून काढला, हे गाडीकडे बघून समजायला मार्ग नाही. दोन-तीनदा टिक्का खाऊन गाडीचा अंदाज आला की मग खिम्याचा विचार करा.

शिजलंय की नाही हे रंगावरून ठरवू नका. धुरातल्या वायूंमुळे मांसाची कड गुलाबी राहते आणि तरीही ते पूर्ण शिजलेलं असतं. ब्रॉयलर कोंबडी लहान वयाची असल्याने हाडाजवळ मज्जेतला लालसरपणा उतरतो, तोही कच्चेपणा नव्हे. उलट तिखटाच्या लाल रंगाखाली खरोखरचा कच्चा तुकडा खुशाल लपतो. टोकदार सळीचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. सळी सगळ्यांत जाड तुकड्याच्या मधोमध, हाडाला न टेकवता खुपसायची आणि ७४ आकडा बघायचा. अकरा वर्षांच्या मुलाला हे काम द्या, तो आनंदाने करेल. गाडीवाल्यासमोर संकोच वाटत असेल तर पहिला तुकडा मधून फोडा. वाफ यायला हवी, तंतू सुटे व्हायला हवेत, आणि मधला भाग काचेसारखा पारदर्शक, चिकट दिसायला नको. तंगडीचं मांस हाडापासून ओढल्याबरोबर सुटायला हवं. शंका आली तर ‘अजून पाच मिनिटं ठेवा’ म्हणायला लाजू नका.

भडक लाल-केशरी रंगाचं वेगळं. काश्मिरी मिरचीचा रंग विटकरी असतो आणि तेलात उतरतो. खाण्याचे कृत्रिम लाल-पिवळे रंग पाण्यात विरघळतात. तुकडा पाण्याच्या ग्लासात सोडून ढवळा. नुसता मसाला असेल तर पाणी गढूळ होईल आणि वर तेलाचे केशरी थेंब तरंगतील; रंग घातलेला असेल तर पाणी सरबतासारखं स्वच्छ गुलाबी-केशरी होईल. ही ढोबळ चाचणी आहे, प्रयोगशाळेची नाही, पण गाडी निवडायला पुरते. कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये कबाबात कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आणली. तपासलेल्या ३९ नमुन्यांपैकी ८ नमुन्यांत सनसेट यलो आणि कार्मोइसिनसारखे रंग सापडले होते.

एवढं सगळं जमून आलं, तरी शेवटी घात करते ती चटणी. पुदिन्याच्या चटणीला आग लागत नाही. तिच्यात कुठलं तरी पाणी असतं, दही असतं, आणि ती संध्याकाळभर उघड्या डब्यात असते. चिरलेला कांदा आणि कोबी यांचंही तेच. कांदा-चटणी घरची न्या, पाच मिनिटांच्या अंतरावर तर राहता. मेयोनीज मात्र साफ नाही म्हणा. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षाची बंदी घातली, ती उगाच नव्हे. बिनअंड्याचं कंपनीचं असलं तरी बाटली फोडल्यावर ती फ्रीजमध्ये ठेवायची असते, शेगडीशेजारी नव्हे. मुलगी कुरकुर करेल, करू द्या.

ताटली कागदाची किंवा पानाची मागा. बादलीत बुडवून काढलेली स्टीलची नको आणि वर्तमानपत्राचा तुकडा तर नकोच, गरम तेलकट पदार्थाला शाई लागते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ देऊ नका असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही विक्रेत्यांना सांगितलेलं आहे.

वेळ साधायची ती गाडी लागल्यापासून अर्ध्या-पाऊण तासाने. कोळसा तोवर बसलेला असतो आणि खोक्यात बर्फ शाबूत असतो. रात्री अकराला ‘शेवटची प्लेट’ स्वस्तात मिळते ती का, हे ओळखा. धुवाधार पावसात, माश्या घोंगावत असताना, एक दिवस राहू द्या. गर्दीची गाडी निवडावी हे खरं, कारण माल पडून राहत नाही. पण गर्दी फार झाली की भाजायची घाई होते, हेही तितकंच खरं.

सासूबाईंच्या पनीरबद्दल स्पष्टच लिहितो. त्याच जाळीवर, त्याच चिमट्याने, त्याच ब्रशने पनीर भाजलं जातं. ‘वेगळं करतो’ असं तो म्हणेल, आणि त्याच्या मनात खोट नसेलही, पण अडीच फुटांच्या शेगडीवर वेगळं ते काय करणार? त्यांना हे आधी सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. न सांगता खाऊ घालणं बरोबर नाही. शिवाय पनीर चिकनइतकंच नाशवंत असतं, त्यालाही बर्फ लागतो, आणि गाडीवर ते बहुधा बाहेरच पडलेलं दिसतं. त्यांच्यासाठी पनीर घरीच करा. बाहेरचं काही खायचंच असेल, तर भाजलेलं मक्याचं कणीस कुठल्याही टिक्क्यापेक्षा निर्धोक.

गाडी आज इथे, उद्या तिथे. बिघडलं तर शोधायची कुठे? म्हणून पहिल्याच दिवशी गाडीवरचा अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवा. तो खरा आहे का हे ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर बघता येतं आणि तक्रारही तिथेच करता येते. नंबर आहे म्हणजे चिकन ताजं आहे असं नव्हे. एवढंच, की या माणसाने आपलं नाव कुठेतरी लावलेलं आहे.

पार्सल नको म्हटलं ते का, तेही सांगतो. फॉइलच्या पिशवीत वाफ कोंडते, टिक्का ओला होतो आणि तासन्‌तास कोमट राहतो. पुढे कधी आणलंच तर घरी येताच उघडा आणि जेवायला बसा. उरलं तर भाजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरात. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचं. मुलाच्या शाळेच्या डब्यात देऊ नका.

पोट बिघडलं तर घड्याळाकडे बघा. स्टॅफिलोकॉकसच्या विषाने अर्ध्या ते आठ तासांत उलट्या सुरू होतात. साल्मोनेला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही उठतो आणि कॅम्पायलोबॅक्टरला साधारण दोन ते पाच दिवस लागतात. म्हणजे शुक्रवारच्या टिक्क्याचा त्रास सोमवारी होऊ शकतो, आणि लोक रविवारच्या लग्नातल्या जेवणाला बोल लावतात. ओआरएस सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचात रक्त, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, पाणीही न ठरणं किंवा लघवी अगदी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं की डॉक्टर गाठा. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या परस्पर देऊ नका.

जावेला गाडीवरचं काहीच देऊ नका, चटणीचं बोटही नाही. गरोदरपणात लिस्टेरियासारखा जंतू आईला जेमतेम कणकण आणतो आणि बाळाला मोठा धोका करतो. सासऱ्यांचं असं, की मधुमेहात जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं की साखर आणि औषधं दोन्हींचा मेळ बिघडतो. या दोघांसाठी, आणि सासूबाईंसाठी पनीर घेऊन, त्याच संध्याकाळी घरी टिक्का लावा.

अर्धा किलो मांडीचं बोनलेस चिकन, चार सेंटिमीटरचे तुकडे, धुऊन न घेता नुसते कागदाने टिपलेले (धुतल्याने जंतू ओट्यावर उडतात, कमी होत नाहीत). आधी एक चमचा मीठ, दोन चमचे आलं-लसूण आणि एका लिंबाचा रस चोळून वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग पाच मोठे चमचे टांगलेलं दही, दोन चमचे काश्मिरी तिखट, अर्धा चमचा गरम मसाला, चुरडलेली कसुरी मेथी, एक मोठा चमचा मोहरीचं किंवा साधं तेल, आणि एक मोठा चमचा कोरडं भाजलेलं बेसन. बेसन विसरू नका. दह्याचं पाणी तेच धरून ठेवतं, नाहीतर तव्यावर रस्सा होतो. चार ते सहा तास फ्रीजमध्ये मुरवा. पनीरला हाच मसाला, पण भांडं, चमचा, तवा वेगळा आणि एक तास पुरे. लोखंडी तवा चांगला तापवून तुकडे अंतर ठेवून मांडा. गर्दी केली की ते भाजत नाहीत, उकडतात. एका बाजूने चार मिनिटं न हलवता, मग उलटून, कडा फिरवत एकूण बारा-चौदा मिनिटं. इथेही ७४ बघा. कोळशाची चव हवी असेल तर पेटता निखारा वाटीत ठेवून टिक्क्याच्या पातेल्यात मधे ठेवा, त्यावर चमचाभर तूप सोडा आणि तीन-चार मिनिटं झाकण. खिडक्या उघड्या ठेवून. जावेला धुराचा वास नको वाटत असेल तर तिचा वाटा आधीच बाजूला काढा. कोळशाची शेगडी मात्र घरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप आली असं वाटतं आणि माणूस बेशुद्ध पडतो.